गाठीपासून गाठीपर्यंत सतरा सुतं

सायन्ना, एक मिळवायचा मी विसरलो होतो.

चारात एक मिळवला की पाच. पहिलीतल्या मुलाला येणारी ही बेरीज, इंजिनिअरिंगच्या मुलांना बारा वर्षं शिकवणाऱ्या माणसाकडून राहून गेली. त्यामुळे माझं गणित चुकलं आणि दोष मी तुमच्या हाताला दिला. पुढे चूक माझीच आहे हे कळलं, तरी दोन वर्षं मी गप्प राहिलो. बेरीज राहिली ती चूक होती. गप्प राहिलो त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला दुसरं नाव आहे आणि ते मला माहीत आहे.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. काल तुमच्या घरी आलो होतो. वहिनींनी देवळीतून ते पितळी नोझल काढून माझ्या हातात ठेवलं. भोकात उदबत्तीची राख अजून होती.

"घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "तुमी आला की त्यांना ह्याच्यावरनं लई हसू यायचं. आता हितं ठिवून मी एकटी काय हसू?"

रुमालात गुंडाळून आणलं. आत्ता टेबलावर समोर आहे. राख मी काढलेली नाही.

या नोझलचं ड्रॉइंग घेऊन मी पहिल्यांदा तुमच्या लेथपाशी आलो तो दिवस मला नीट आठवतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही टर्नर. मी लेक्चरर, वयाने तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि चाळिशीला आल्यावर पदवीसाठी संशोधन करायचं मनावर घेतलेला. अंगठ्याएवढं पितळ, आत बरोबर सहा मिलिमीटरचं भोक, तोंडाची कड सुरीसारखी. तुम्ही ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलंत आणि विचारलंत, "ह्यातनं काय सोडायचं?"

"हवा. टाकीत दाबून भरलेली. ती आवाजापेक्षा जास्त वेगाने बाहेर पडते."

"आवाजापेक्षा? म्हणजे बायको बोलायच्या आधीच ऐकू येतंय म्हणा की."

मग मी सांगितलं की परदेशात असे माग निघाले आहेत ज्यात आडवं सूत हवेच्या झोताने फेकतात, धोटा लागत नाही. तुम्ही लेथ बंद केलात. तुमचं सगळं घर मागावरचं, धाकटा भाऊ अंबादासही. तुम्ही एकटेच लोखंडाकडे वळलेले.

"धोटा न्हाय?"

"नाही."

"मग आमच्या अंबादासच्या घरात पोतंभर धोटे हायत, ते काय पोरांस्नी विटीदांडू खेळायला द्यायचे?" असं म्हणून तुम्ही हसलात, पण नोझल मात्र दोन दिवसांत करून दिलंत, आणि सोबत प्लग गेज. एक बाजू भोकात जाते, दुसरी जात नाही. "तपासून घ्या," म्हणालात. मी न तपासता खिशात टाकलं. तेव्हा तो विश्वास होता.

अशा झोताचं वागणं विचित्र असतं. तो नळातल्या पाण्यासारखा सरळ येत नाही. बाहेर पडताच फुगतो, मग आवळतो, परत फुगतो, परत आवळतो. माळेतल्या मण्यांसारखं. त्या आवळण्याच्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही त्यांना गाठी म्हणालात आणि तोच शब्द माझ्या वहीत राहिला. या गाठी किती अंतरावर पडतात हे कॉम्प्युटरवर गणित मांडून काढायचं, आणि खरोखर तेवढ्याच अंतरावर पडतात का ते पाहायचं, एवढं माझं काम. पहिल्या भागासाठी कॉम्प्युटर मुंबईला होता. दुसऱ्या भागासाठी आपल्याकडे एक कॉम्प्रेसर होता आणि तुम्ही होता.

न दिसणारी गाठ मोजायची कशी, या विचारात मी आठवडा घालवला. उपाय तुम्ही शोधलात. वर्कशॉपच्या मागच्या खोलीच्या पत्र्याच्या दाराला खिळ्याएवढं भोक पाडलंत. सकाळी दहाचं सोलापूरचं ऊन त्यातून आत आलं, सरळ नोझलच्या तोंडापुढे, आणि पलीकडे तुम्ही चौकटीत ताणून बसवलेल्या पांढऱ्या कापडावर पडलं. तुम्ही एका हाताने व्हॉल्व्ह धरलात, नजर प्रेशरच्या काट्यावर. टाकी रिकामी होत असताना काटा चारवर स्थिर ठेवायचा, तोही हाताने, हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. मला पाच सेकंदही जमलं नाही. झोत किंचाळला आणि कापडावर त्याची सावली उमटली. उजळ, काळी, उजळ, काळी. मी ओरडलो होतो. काय ओरडलो ते त्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

"आता अंतर मोजायचं कसं? पट्टी लावली तर पट्टीचीच सावली पडेल," मी म्हणालो.

"कापड कशाला लावलंय? इंचाला चाळीस सुतं हायत, अंबादासनं मोजून दिलंय." तुम्ही खिशातून विणकराचं ते घडीचं भिंग काढलंत. गाठीपासून गाठीपर्यंत सुतं मोजलीत. "सतरा."

पुन्हा झोत, पुन्हा मोजणी. सतरा. तिसऱ्यांदा सतरा. तुम्ही वर्कशॉपच्या वहीत लिहिलंत: पितळ, भोक सहा, हवेची गरमी तीस, काटा चार, सुतं सतरा. खाली सही केलीत.

कॉम्प्युटरचा भाग तुम्हाला समजावताना मला वाटलं होतं की हे तुमच्या डोक्यावरून जाईल. झोताची जागा मी आलेखाच्या कागदावर बारीक चौकोनांत वाटली होती. एकेका चौकोनात दाब किती, वेग किती, हे शेजारच्या चौकोनांवरून काढायचं, मग पुढचा चौकोन, असे हजारो. आणि हे सगळे हुकूम भोकं पाडलेल्या कार्डांवर. सहाशे कार्डं बुटाच्या खोक्यात दोऱ्याने बांधून मी मुंबईला न्यायचो. तुम्ही एक कार्ड उजेडात धरून पाहिलंत आणि तुमचा चेहरा फुलला.

"अहो मास्तर, हे तर आमच्या घरचं काम! चौकोनाचा कागद, त्यावरनं मागाच्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोकं. अंबादास चादरीचे पत्ते असेच पाडतोय. एक भोक चुकलं की मोराचा पाय पाठीतनं निघतोय बघा."

"तुमचा मोर दिसतो तरी. माझं चुकलं तर काहीच दिसत नाही."

"मग चुकल्यावर तुमी काय करता?"

मी हसून विषय बदलला. तुमच्याकडे काय करतात हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, आणि मी ते एक गंमत म्हणून ऐकलं. नक्षी चुकली तर दोन माणसं समोरासमोर बसतात. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा पत्त्यावर बोट फिरवतो आणि बरोबर असेल तर नुसतं "हं" म्हणतो. जिथे "हं" येत नाही तिथे चूक.

तीन आठवड्यांनी मुंबईहून कागद आले. घरी फरशीवर पसरून मी रंगीत पेन्सिलीने रेघा जोडल्या. गाठी आल्या होत्या! आकड्यांच्या रानातून मी न सांगता त्या आपोआप उगवल्या होत्या. असा आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही. मग अंतर मोजलं. तुमच्या सुतांच्या हिशोबात ते पंधराच्याही थोडं आत येत होतं.

सतरा आणि पंधरा. झोताच्या पाचव्या गाठीपाशी कॉम्प्युटरची जवळजवळ सहावी गाठ.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो ते ठरवूनच. भोक सहाऐवजी सातचं असेल तर बरोबर एवढाच फरक पडतो, हे मी आकडेमोड करून आलो होतो.

"सायन्ना, भोक मोठं झालंय."

"न्हाय."

"हत्यार सरकलं असेल."

"मास्तर, गेज तुमच्या खिशात हाय." तुम्ही चिडला नव्हता. "नक्षी चुकली तर आमी आधी पत्ते बघतो, सुताला शिव्या देत न्हाय. आणा ते खोकं. बसू दोघं. मी वही वाचतो, तुमी कार्डं वाचा. दुपारपर्यंत सापडंल."

तिथे माझं सगळं बिघडलं. लेथवरचा माणूस माझा प्रोग्रॅम तपासणार! तेही मुलं बघत असताना. मी म्हणालो, "ते चादरीचे पत्ते नाहीत, सायन्ना." हे वाक्य मी कसं म्हणालो, ओठ किती वाकडे करून, ते तुम्हाला आठवत होतं की नाही मला माहीत नाही. मला आठवतं.

त्याच दुपारी मी मुंबईच्या मार्गदर्शकांना पत्र लिहिलं: आमच्या वर्कशॉपच्या कामाला मर्यादा आहेत, नोझलचं भोक मापापेक्षा मोठं असण्याची शक्यता आहे, पुण्याहून नवीन करवून घेण्याची परवानगी असावी. कॉलेजातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत विभागप्रमुखांकडे जाई. तशी तीही गेली. संध्याकाळी घरी खिसे रिकामे करताना नोझल आणि प्लग गेज हाताला लागलं. जायची बाजू भोकात गेली. न जायची बाजू गेली नाही. भोक सहाच होतं. पत्र टपालात पडलेलं होतं आणि दुसरं पत्र लिहायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही. एवढ्याशा फरकाला आणखी काही कारण असेल, पुण्याचं येऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगितलं.

साहेबांनी तुम्हाला काही विचारलं नाही. फक्त तुमचा तो छोटा लेथ, ज्याची हत्यार धरून सरकणारी गाडी तुम्ही स्वतः घासून सरळ केली होती, दुसऱ्याला दिला आणि तुम्हाला पहिल्या वर्षाच्या मुलांचे ठोकळे कानशीने घासून घ्यायला बसवलं. मापाचं काम म्हणून जे काही होतं ते तुमच्यापासून काढून घेतलं. तुमचं नोझल भंगाराच्या पेटीत गेलं. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. माझ्याशी बोलणं मात्र "नमस्कार मास्तर" एवढ्यावर आलं.

पुण्याचं नोझल आलं. व्हॉल्व्हवर दुसरा माणूस, काटा नाचत होता, पण कधी ना कधी चारवर येत होता. मी भिंग लावून मोजलं. सतरा.

तरीही मला कळेना. कळलं ते वर्गात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी जे शिकवतो तेच शिकवत होतो: काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. एकूण दाब हवा असेल तर बाहेरच्या हवेचा एक त्यात मिळवायचा. फळ्यावर "अधिक एक" लिहिलं आणि खडू तिथेच थांबला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, पुढं?" मी तास सोडून दिला.

काटा चार म्हणजे दाब पाच. माझ्या कार्डावर चार होतं.

एक कार्ड बदललं. खोकं परत मुंबईला. या वेळी उत्तर सतरापासून अर्ध्या सुताच्या आत आलं. मार्गदर्शकांनी खुशीत पत्र पाठवलं: पाहिलंत, चांगलं नोझल मिळाल्यावर कसं जुळलं! आणि सायन्ना, मी ते तसंच राहू दिलं. तुमच्या वहीतलं पान माझ्या प्रबंधात घातलं नाही. घातलं असतं तर दोन्ही नोझलांचं माप एकच येतं हे कुणालाही दिसलं असतं. प्रबंध मान्य झाला, मला पेढे वाटावे लागले. तुम्हीही एक घेतलात. "गोड हाय," म्हणालात.

दोन वर्षं अशी गेली. मग संक्रांतीला तिळगूळ द्यायला तुमच्या घरी आलो. का आलो ते सांगता येत नाही. तुमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि मला ते वर्कशॉपच्या फळ्यावर वाचून बेचैन व्हायला झालं होतं. देवळीत तुमचं नोझल उभं होतं, घासून लख्ख केलेलं, आणि त्यात उदबत्ती तिरकी. माझी नजर तिथे गेलेली तुम्ही पाहिलीत.

"भंगारातनं आणलं," तुम्ही म्हणालात. "साहेबाचं बरोबर हाय बघा, भोक मोठंच हाय. उदबत्ती हलती."

वहिनी हसल्या, अंबादास हसला, तुम्हीही हसलात. त्या हसण्यात विष नव्हतं. असतं तर मी सुटलो असतो. घरी आलो, माळ्यावरून ते जुनं खोकं काढलं आणि बाजूला ठेवलेलं चारचं कार्ड त्यात परत जागेवर घातलं.

त्यानंतर काय काय झालं ते आधी लिहितो, कारण तो रविवार मला शेवटी ठेवायचा आहे. मी मुंबईला आणि साहेबांना एकच पत्र लिहिलं, सगळं. मार्गदर्शकांचं उत्तर चार ओळींचं आणि कोरडं होतं. ते मी जपून ठेवलं आहे. प्रबंधाला दुरुस्तीचं पान जोडलं गेलं आणि त्यावर नोझल कुणी केलं, गाठी कुणी मोजल्या, हे तुमच्या नावानिशी आहे. साहेबांनी तुमचा लेथ तुम्हाला परत दिला. शेवटच्या चार महिन्यांत तुम्ही त्यावर आणखी तीन नोझलं केलीत, पाच, सहा आणि आठची, आणि आपण मागच्या खोलीत पुन्हा त्या उन्हाच्या भोकापुढे उभे राहिलो. कानात कापूस, कपाळावर घाम. साहेब एकदा डोकावले तेव्हा तुम्ही त्यांच्या हातात भिंग दिलंत: "मोजा साहेब, चादर घेताना मोजता तसं." ते चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. निवृत्तीनंतरही तुम्ही दर पंधरवड्याला यायचात, चहा प्यायचात, कॉम्प्रेसरच्या पट्ट्याला नावं ठेवायचात.

आपला एक वाद तसाच राहिला. तुम्ही म्हणायचात आठ गाठी दिसतात. मला सहापुढे कधी दिसल्या नाहीत, आणि माझ्या गणितातही पुढे सगळं विरून जातं. "तुमचं गणित दमतंय, झोत दमत न्हाय," असं तुम्ही म्हणायचात. परवा मी मागच्या खोलीत गेलो. दाराचं भोक आहे, कापडही आहे. सातवी दिसल्यासारखी वाटली. शपथेवर सांगणार नाही. आठवीसाठी तुमची नजर हवी.

मला तुमच्याबद्दल बोच आहे, पण ती आता जेवण तोडणारी राहिलेली नाही. तुम्ही मला वेळ दिलात. फार लोकांना तो मिळत नाही. तुम्ही त्या संक्रांतीआधीच गेला असता तर हे नोझल मला हातात धरवलं नसतं.

तर तो रविवार. संक्रांतीनंतरचा. सकाळी मी खोकं काखेत मारून तुमच्या दारात उभा. पूर्व भागातल्या त्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. तुम्ही बनियनवर, हातात पेपर.

"काय मास्तर, बूट घेतले व्हय?"

"कार्डं आहेत. जुनी. वाचायला बसायचं का? तुमच्या पद्धतीने."

 तुम्ही आत गेलात आणि ट्रंकेतून वही घेऊन आलात. वर्कशॉपची ती जुनी वही संपल्यावर तुम्ही घरी आणून ठेवली होती. अंबादासने ज्या बाकावर बसून पत्ते तपासायचे तो बाक रिकामा करून दिला आणि स्वतः उंबऱ्यात बसला. वहिनींनी चहा ठेवला. तुम्ही चष्मा लावलात.

"पितळ."

कार्डावर धातूचं काही नव्हतं. "ते नाही यात," मी म्हणालो. अंबादास हसला.

"भोक सहा."

मी कार्डावर बोट फिरवलं. "हं."

"हवेची गरमी, तीस."

"हं."

"काटा चार."

माझ्या बोटाखाली चार होतं. नुसतं "हं" म्हटलं असतं तर तुमच्या पद्धतीप्रमाणे आपण पुढच्या कार्डावर गेलो असतो. मला "हं" म्हणता आलं नाही. तुम्ही वहीतून मान वर केलीत.

"काय लिहिलंय?"

"चार."

"मग बरोबर हाय की." तुम्ही चष्मा काढलात. "पण मास्तर, काटा शून्यावर असतो तवा टाकीत हवा नसती व्हय? झाकण उघडलं तरी हवा असतीच की आत. ती कुटं धरलीय?"

दुपारपर्यंत सापडेल असं तुम्ही म्हणाला होतात. चहा यायच्या आतच सापडलं.

मी कार्ड बाकावर ठेवलं आणि हात जोडले. म्हणालो, "ती धरली नाही, सायन्ना. एक मिळवायचा मी विसरलो. भोक सहाच होतं, हे मला पत्र टाकलं त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि चूक माझ्या कार्डात आहे हे दोन वर्षांपासून माहीत आहे. तरी तुमच्या हातावर मी ती ठेवली आणि तुमचा लेथ जाताना बघत बसलो. तुमचा हात बरोबर होता. माझं चुकलं. मला माफ करा."